गावठी डुकराचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम काढायचाय? वस्तीपासून जीनबँकेपर्यंत, पायरी पायरीने

मी अमळनेर तालुक्यातला. एमएससी बायोटेक केलं, संशोधनाला लागलो आणि विषय मिळाला आपल्याच भागातलं काळं गावठी डुक्कर. प्रयोगशाळेत पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या लाखो प्रती करायची पद्धत) शिकवणारे होते, कॉम्प्युटरवर शिकवणारे यूट्यूबवर होते, पण डुकरीण कुठली निवडायची, मालकाला काय सांगायचं, कुठली नळी न्यायची, हे सांगणारं कोणी नव्हतं. त्यात माझे जवळजवळ आठ महिने गेले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरंपोरी आता हेच काम घेताहेत, त्यांचे आठ महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी थोडक्यात, काढायचं काय आहे. पेशीत केंद्रकाच्या बाहेर मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा छोटा गोल डीएनए असतो, तोच मायटोकॉन्ड्रियल जीनोम. डुकरात तो साधारण १६,६०० अक्षरांचा (ए, टी, जी, सी ही डीएनएची अक्षरं), जीनबँकेत, म्हणजे जगभरचे वाचलेले डीएनए जिथे जमा होतात त्या ऑनलाइन साठ्यात, संदर्भ म्हणून वापरतात तो एनसी_०००८४५ हा १६,६१३ अक्षरांचा आहे. त्यात ३७ जनुकं: १३ प्रोटीनची, २२ टीआरएनएची, २ आरआरएनएची (हे दोन्ही प्रोटीन बनवायला लागणारे आरएनए), आणि एक डी-लूप नावाचा भाग ज्यात जनुक नाही पण फरक सगळ्यात जास्त सापडतात. हा डीएनए फक्त आईकडून येतो. हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर तेच कामाला येणार आहे.

१. आधी प्रश्न ठरवा, मग पैसे खर्च करा

एका जनावराचा पूर्ण जीनोम काढणं आणि "आमच्या भागातली डुकरं वेगळी आहेत" असं म्हणणं ही दोन वेगळी कामं आहेत. एका डुकरिणीवरून जातीबद्दल काहीच बोलता येत नाही. माझा सल्ला असा की पूर्ण जीनोम चार-पाच जनावरांचा काढा आणि त्याच्या जोडीला निदान २५-३० जनावरांचा फक्त डी-लूप काढा, वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांशी नातं नसलेली. डी-लूप स्वस्तात होतो आणि चित्र त्यातूनच दिसायला लागतं.

दुसरं, "जात" हा शब्द घाईने वापरू नका. भारतात जनावरांच्या जातींची नोंदणी कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करते. त्या यादीत बंगालचं घुंगरू, मेघालयाचं नियांग मेघा, गोव्याचं अगोंदा गोवन, नागालँडचं टेन्यी वो, उत्तर प्रदेशचं घुर्रा अशी डुकरं आहेत. आपलं खान्देशातलं काळं डुक्कर अजून "गावठी" एवढंच. म्हणून लिहिताना गावठी, देशी, अमुक तालुक्यातलं असंच लिहा. नोंदणीसाठी अंगाची मोजमापं, संख्या, कुठे कुठे आढळतं, पिलं किती होतात असं बरंच लागतं, नुसता डीएनए पुरत नाही.

२. कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे पण सुरुवातीलाच करा. माझी परवानगी नमुने घेतल्यावर मागायची वेळ आली असती तर सगळे नमुने फेकावे लागले असते.

- संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. ही समिती सीसीएसईएच्या, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या, नियमांखाली चालते, जुन्या कागदांवर सीपीसीएसईए असं नाव दिसेल, घाबरू नका, तेच ते. समितीची बैठक रोज नसते, तारीख आधी विचारा.
- जिल्हा पशुसंवर्धन खात्याला पत्र, आणि सोबत येणाऱ्या पशुवैद्यांची लेखी संमती.
- मालकाचं संमतीपत्र, मराठीत. सही येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि साक्षीदाराची सही घ्या.
- नमुना परदेशातल्या कंपनीकडे जाणार असेल तर जैवविविधता कायदा २००२ मध्ये येतो, चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विषय आहे. काही कंपन्यांचं ऑफिस भारतात असतं पण मशीन बाहेरच्या देशात असतं, कोटेशन घेतानाच "सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) प्रत्यक्ष कुठे होणार" हे लेखी विचारा.

रानडुकराचा मोह टाळा. सातपुड्याच्या पायथ्याशी शेतात शिरलेलं रानडुक्कर मेलेलं सापडलं, त्याचा कान घेऊन ठेवू, असं कोणीतरी म्हणेल. ते वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतं, वनखात्याच्या परवानगीशिवाय केसालाही हात लावू नका.

३. पिशवीत काय काय हवं

- रक्तासाठी जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळ्या, ईडीटीएने रक्त गोठत नाही. हिरव्या टोपीच्या हेपरिनच्या नळ्या घेऊ नका, हेपरिननेही रक्त गोठत नाही पण ते पीसीआरला आडवं येतं. मला एकदा दुकानदाराने "सगळ्या सारख्याच" म्हणून हिरव्या दिल्या आणि पूर्ण एका दिवसाचं रक्त वाया गेलं.
- २ मिलीच्या स्क्रू टोपीच्या नळ्या, त्यात ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल
- केसांसाठी कागदी पाकिटं, सिलिका जेलच्या पुड्या
- निर्जंतुक ब्लेड, चिमटे, हातमोजे, गमबूट, बुटावर चढवायची प्लास्टिकची कव्हरं
- ब्लीच, ब्रश, पाण्याचा कॅन
- पेन्सिल. पेन नको, मार्कर तर नकोच. इथेनॉल सांडलं की मार्करची अक्षरं पुसून जातात, म्हणून पेन्सिलने कागदाच्या चिठ्ठीवर नंबर लिहून ती चिठ्ठी नळीच्या आत टाका आणि बाहेरही लिहा.
- थर्माकोलचा डबा आणि बर्फ. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, मोटारसायकलच्या डिकीत रक्त ठेवून भुसावळहून जळगावला आलात तर काय उरणार. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फिल्डवर्क करा, आणि पहाटे.

४. वस्तीवर जाणं, आणि योग्य डुकरीण शोधणं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि कुठल्याच पेपरात ती दोन ओळींच्या वर नसते.

डुकरं पाळणारी घरं बहुतेक गावाच्या कडेला, नाल्याजवळ. या लोकांनी गावाकडून आयुष्यभर बोलणी खाल्लेली असतात, ग्रामपंचायतीच्या नोटिसा आलेल्या असतात, नगरपालिकेची गाडी डुकरं उचलून घेऊन गेलेली असते. त्यामुळे बॅग लावलेला माणूस दिसला की ते दार लावून घेतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. पहिल्या दिवशी नमुना मागू नका. बसा, चहा घ्या, जनावरांबद्दल विचारा. ओळखीच्या पशुवैद्यांबरोबर किंवा त्यांच्याच नात्यातल्या कोणाबरोबर जा.

पारोळ्याकडच्या एका वस्तीत एका आप्पांनी मला पहिलाच प्रश्न केला, "डुक्करनं रगत कसाले पाहिजे भाऊ तुले?" मी मायटोकॉन्ड्रिया सांगायला लागलो, ते उठून गेले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साधं सांगितलं, आप्पा, माणसाचं आडनाव बापाकडून येतं ना, तसं जनावराच्या अंगात एक खूण आईकडून येते, तिच्या आईकडून, तिच्याही आईकडून. ती खूण वाचली की तुमची डुकरं कुठल्या जुन्या वंशाची ते कळेल. लगेच समजलं. मग त्यांनीच त्यांच्या घरच्या जिजींना हाक मारली, कारण कुठली कोणाची लेक हे जिजींना तोंडपाठ होतं. हे मला नंतर जवळजवळ प्रत्येक घरात दिसलं: विकणं-घेणं पुरुष बघतात पण पिलं वाढवणाऱ्या बाया असतात, वंशावळ त्यांना माहीत असते. म्हणून बायांशी बोलल्याशिवाय नमुना घेऊ नका.

काय विचारायचं? या मादीची आई कुठून आली, विकत आणली की घरचीच, तिच्या बहिणी कुठे आहेत. दोन बहिणी किंवा मायलेकी घेतल्या तर दोन्हींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकच येणार, पैसे दुप्पट आणि माहिती एकाचीच. एका आईच्या वंशातून एकच जनावर घ्या. नर घेतला तरी चालतो, त्याच्यातही आईचाच डीएनए असतो, पण मग त्याच्या आईची चौकशी करा.

आता मोठा सापळा. रंग बघून निवडू नका. समजा गावठी डुकरीण आणि पांढरा लार्ज व्हाइट नर, त्यांची पिलं पांढुरकी, लांबट, दिसायला विलायती, पण मायटोकॉन्ड्रियल डीएनए शंभर टक्के गावठी आईचा. उलट आजी कधीतरी फार्मवरून आणलेली विलायती असेल आणि पुढे गावठी नरच लागत गेले असतील तर चार पिढ्यांनी जनावर काळं, राठ केसाचं, लांब तोंडाचं, बघणारा म्हणेल अस्सल, आणि आईची बाजू मात्र फार्मवरची. डोळ्यांना जे दिसतं ते केंद्रकातल्या डीएनएचं असतं. म्हणून फोटो काढा, मोजमाप घ्या, पण निवड आईच्या माहितीवर करा आणि ती माहिती त्याच दिवशी वहीत लिहा. गावाचं नाव, जीपीएस, वय, रंग, मालक आणि आईची हकीगत, एवढं नसेल तर ती नळी माझ्या मते निरुपयोगी आहे.

आणि स्वच्छता. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचा कळपच्या कळप मरतो, आणि बुटाला लागलेल्या घाणीतून, रक्तातून तो एका गोठ्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. तुम्ही एका दिवसात चार वस्त्या फिरणार, म्हणजे रोग नेणारे तुम्हीच ठरू शकता. प्रत्येक ठिकाणी कव्हरं बदला, गमबूट घासून ब्लीचने धुवा. कुठे डुकरं मरताहेत असं ऐकलं तर तिकडे पाय ठेवू नका, पशुवैद्यांना कळवा. त्या माणसांचा वर्षाचा पैसा त्या चार-सहा जनावरांत असतो.

५. नमुना कसा घ्यायचा

रक्त फक्त पशुवैद्य घेतील, तुम्ही नाही. २-३ मिली पुरतं. पण खरं सांगू का, नवख्याने केसांपासून सुरुवात करावी. पाठीवरचे राठ केस १५-२० मुळासकट उपटायचे, मूळ पांढुरकं दिसलं पाहिजे, कापलेले केस नकोत. कागदी पाकिटात सिलिका जेलबरोबर कोरडे ठेवायचे. बर्फ नको, कुरिअरलाही अडचण नाही, मालकही लवकर तयार होतो. इथेनॉलच्या नळ्या कुरिअरवाले ज्वलनशील म्हणून परत पाठवतात हे लक्षात घ्या.

कानाचा लहान तुकडा मिळाला तर उत्तम, त्यात रक्तापेक्षा बरा डीएनए मिळतो. सस्तन प्राण्यांच्या लाल पेशीत केंद्रकही नसतं आणि मायटोकॉन्ड्रियाही नसतात, रक्तातलं जे मिळतं ते पांढऱ्या पेशींमधून आणि प्लेटलेटमधून. तुकडा हरभऱ्याएवढा, इथेनॉल त्याच्या निदान पाचपट, पहिल्या दिवसानंतर इथेनॉल एकदा बदला.

६. डीएनए काढणं

प्रोटीनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घालून ५६ अंशाला रात्रभर, मग डीएनए वेगळा करायला कॉलमचं किट किंवा फिनॉल-क्लोरोफॉर्म. केसांना डीटीटी नावाचं रसायन घालावं लागतं नाहीतर केस विरघळतच नाहीत. प्रत्येक बॅचमध्ये एक नळी रिकामी चालवा, म्हणजे नमुना सोडून बाकी सगळं घालून. ती पुढे पीसीआरमध्ये पट्टी दाखवू लागली तर तुमच्याकडे कुठेतरी भेसळ आहे, तिथेच थांबा.

नॅनोड्रॉप या मोजायच्या यंत्रावर २६०/२८० चा आकडा, म्हणजे डीएनए किती शुद्ध ते, १.८ च्या आसपास हवा. पण नॅनोड्रॉपवर विश्वास ठेवून सिक्वेन्सिंगला पाठवू नका, डीएनए किती आहे ते क्यूबिट या जास्त भरवशाच्या यंत्रावर मोजा आणि ०.८ टक्के अगारोजच्या जेलवर चालवून बघा. लांब पीसीआर करायचं असेल तर डीएनए अखंड हवा, जेलवर धूर दिसला तर लांब पीसीआर विसरा.

७. तीनपैकी एक रस्ता निवडा

पहिला, सँगर, म्हणजे एकेक तुकडा वेगळा वाचायची जुनी पद्धत. २० ते २२ प्रायमर जोड्या (पीसीआर कुठून कुठपर्यंत करायचं ते ठरवणारे छोटे डीएनए), प्रत्येकी ९००-१००० अक्षरांचा तुकडा, शेजाऱ्याशी १५० अक्षरं तरी एकमेकांवर आलेली. मशीन जुनं, रिझल्ट भरवशाचा, एक-दोन जनावरांसाठी ठीक. पण एक जोडी चालली नाही की महिनाभर तिथेच अडकता.

दुसरा, लांब पीसीआर. दोन तुकडे, प्रत्येकी साधारण ९,००० अक्षरांचे, दोन्ही टोकांना एकमेकांवर येणारे, ६८ अंशाला दर हजार अक्षरांना साधारण एक मिनिट, आणि मग सिक्वेन्सिंग इल्युमिना (छोटे तुकडे वाचणारं मशीन) किंवा नॅनोपोअर (लांब तुकडे वाचणारं) यावर. याचा फायदा असा की केंद्रकात मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे जे जुने तुटके तुकडे जाऊन बसलेत, त्यांना नमट म्हणतात, ते एवढ्या लांब पीसीआरमध्ये सहसा येत नाहीत. छोट्या तुकड्यांच्या पीसीआरमध्ये ते गुपचूप घुसतात.

तिसरा, पीसीआरच न करता सरळ सगळ्या डीएनएचं थोडंसं इल्युमिना सिक्वेन्सिंग. आज मी नवीन माणसाला हाच सांगतो. हिशोब बघा: ३ गिगाबेस म्हणजे ३०० कोटी अक्षरं. त्यातला हजारातला एक भाग जरी मायटोकॉन्ड्रियाचा निघाला तरी ३० लाख अक्षरं, भागिले १६,६००, म्हणजे प्रत्येक जागा जवळजवळ १८० वेळा वाचली गेली. भरपूर झालं. केंद्रकाचा जीनोम साधारण २५० कोटी अक्षरांचा, तो एवढ्यात एकदाच वाचून होतो, म्हणजे नमटचा आवाज आपोआप दबतो. कोटेशन घेताना जीएसटी धरून मागा, मशीनने वाचलेल्या कच्च्या फास्टक्यू फाइल मिळणार का ते विचारा, आणि क्वालिटी फेल झाली तर पैसे कोण भरणार हेही.

८. जोडणी

फास्टक्यूसीने क्वालिटी बघा, फास्टपीने अॅडॅप्टर छाटा. मग गेटऑर्गनेल आणि नोव्होप्लास्टी, ही तुकडे जोडणारी सॉफ्टवेअर, दोन्ही चालवा आणि उत्तर जुळतंय का बघा. साध्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अडलं तर रीड्सचा (मशीनने वाचलेल्या छोट्या तुकड्यांचा) थोडाच भाग घ्या. त्यानंतर बीडब्ल्यूएने सगळ्या रीड्स तयार झालेल्या जीनोमवर परत बसवा आणि आयजीव्हीमध्ये उघडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्याने बघा. वेळ लागतो, एक दुपार जाते, पण माझ्या दोन चुका तिथेच सापडल्या.

जीनोम गोल आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर कधीकधी सुरुवातीचा तुकडा शेवटी पुन्हा लावतं, तो छाटा. संदर्भाची जिथून सुरुवात होते तिथूनच तुमची करा, नाहीतर नंतर तुलना करताना सगळं घसरतं.

डी-लूपमध्ये १० अक्षरांचा एक तुकडा, सीजीटीजीसीजीटीएसीए, मागोमाग कितीतरी वेळा येतो, आणि किती वेळा येतो ते जनावरागणिक बदलतं, एकाच जनावरातही बदलतं. १५० अक्षरांच्या रीडला तो पूर्ण ओलांडता येतोच असं नाही, सँगरच्या आलेखातली शिखरंही तिथे विस्कटतात. म्हणून "आमच्या डुकराचा जीनोम संदर्भापेक्षा ६० अक्षरांनी लांब, म्हणून वेगळा" असं कधीही लिहू नका. तुलनेच्या वेळी हा भाग काढून टाका. खरी संख्या हवीच असेल तर नॅनोपोअरसारखी लांब रीड लागते.

९. जनुकं ओळखणं

मिटोस २ या जनुकं शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जीनोमची फास्टा फाइल टाका आणि जेनेटिक कोड २ निवडा, म्हणजे पृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियल. नेहमीचा कोड १ ठेवलात तर मधेमधे स्टॉप, म्हणजे प्रोटीन संपल्याची खूण, दिसतील आणि तुम्ही घाबराल. या कोडमध्ये टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, एटीए म्हणजे मेथिओनिन, आणि एजीए, एजीजी म्हणजे स्टॉप. काही जनुकं नुसत्या टी किंवा टीए वर संपतात, तीही चूक नाही, आरएनएला मागून ए ची शेपटी लागली की स्टॉप पूर्ण होतो. पण कोड २ ठेवूनही मधे स्टॉप आला किंवा फ्रेम (तीन-तीन अक्षरं वाचायची ओळ) सरकली तर ती नमटची किंवा जोडणीतल्या चुकीची खूण समजा. एनडी६ हे जनुक आणि आठ टीआरएनए डीएनएच्या उलट्या धाग्यावर असतात, ते तपासा.

१०. झाड काढणं, आणि त्याचा अर्थ

जीनबँकेतून आशियाई, युरोपीय, भारतीय रानडुक्कर आणि पाळीव, सगळीकडचे जीनोम घ्या, माफ्टने ओळीत लावा, आयक्यू-ट्रीने झाड, म्हणजे कोण कोणाच्या जवळचं ते दाखवणारा वंशवृक्ष, काढा. बाहेरचा गट म्हणून आफ्रिकेतलं वॉर्टहॉग घेतलं तर चालतं. डी-लूपमधले फरक मोजायला डीएनएएसपी आणि त्यांचं जाळं काढायला पॉपआर्ट.

२००५ मध्ये जगभरच्या रानडुकरांचा मोठा अभ्यास आला, त्यात डुक्कर एका नाही तर अनेक ठिकाणी माणसाळलं असं दिसलं, आणि भारताकडेही बोट होतं. म्हणून आपल्या भागातला प्रत्येक नमुना मोलाचा आहे. पण अर्थ लावताना सावध. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चिनी डुकरं युरोपात नेऊन तिथल्या डुकरांशी संकर केला गेला, त्यामुळे आजच्या लार्ज व्हाइटमध्येही आशियाई आईचा डीएनए सापडतो. म्हणजे तुमच्या नमुन्यात आशियाई गट आला म्हणजे लगेच "शुद्ध देशी" सिद्ध झालं असं नाही. तो लार्ज व्हाइटमधल्या त्याच गटाशी जुळतोय की भारतीय रानडुकराच्या जवळ आहे, हे बघा. इथे पायरी चारमधली वही उघडावी लागते. एका नमुन्याने मला पंधरा दिवस झोपू दिलं नाही, आणि वहीत जिजींनी सांगितलेलं लिहिलेलं होतं की या मादीची आजी फार्मवरून आणली होती.

११. जीनबँकेत टाकणं

जीनबँकेत नोंद करायचा बँकइट हा ऑनलाइन फॉर्म वापरा. मॉलिक्यूल गोल, ऑर्गनेल मायटोकॉन्ड्रियन, कोड २. "ब्रीड" च्या रकान्यात नोंदणी नसलेलं नाव टाकू नका, आयसोलेटचा (तुमच्या नमुन्याचा) नंबर आणि जिल्हा टाका. मालकाचं नाव, गावाचं अचूक जीपीएस सार्वजनिक करू नका, परवानगी तशी घेतलेली नसते. कच्चा डेटा दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, उरलेला डीएनए उणे २० ला यादीसकट, पेपर तपासणारे सहा महिन्यांनी एखादी जागा पुन्हा वाचून मागतात.

१२. परत वस्तीवर

जीनबँकेचा नंबर हातात आला की मराठीत एका पानाचा कागद करा, त्यांच्या डुकरिणीच्या फोटोसकट, आणि नेऊन द्या. मी दिला तेव्हा जिजींनी फोटोवर हात ठेवून विचारलं, "मंग मनी डुक्करीन कोठली शे?" मोबाइलवर झाड उघडून दाखवलं, कुठली फांदी ते सांगितलं. त्यांनी नातवाला बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या माहेरच्या गावातले सहा नमुने त्यांनीच मिळवून दिले.